ढोलकपूर आणि मुलांच्या मनातले साचे

तीन वर्षांचे होईतो मूल 'मुलगा' आणि 'मुलगी' हा भेद ओळखू लागते. कोणी काय घालायचे, कोणी काय खेळायचे, कोणी रडायचे नाही, याचे ठोकताळे त्यानंतर भराभर पक्के होतात. हे ठोकताळे मूल घरातल्या माणसांवरून बांधते, तसेच कार्टून, चित्रकथा आणि पाठ्यपुस्तकांतल्या पात्रांवरूनही बांधते. 1961 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बडवताना पाहिलेली मुले पुढे स्वतःही तिला तसेच बडवू लागली. कोणी शिकवले नसतानाही मूल नुसत्या पाहण्यातून वागणे उचलते, हे त्यातून दिसले.

भारतातल्या मुलांनी गेल्या दीड दशकात जे सर्वाधिक पाहिले, त्यातले बरेच हैदराबादेत तयार झाले. राजीव चिलका यांनी 2001 मध्ये तिथे ग्रीन गोल्ड ॲनिमेशन ही कंपनी काढली. तिची 'छोटा भीम' ही मालिका 2008 मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. त्याआधी मुलांच्या वाहिन्यांवर परदेशी कार्टूनचा भरणा होता. धोतर नेसणारा, लाडू खाणारा, गावात राहणारा नायक या मालिकेने दिला. आपल्यासारखे दिसणारे, आपल्यासारखे खाणारे मूलही पराक्रमी असू शकते, हा विश्वास लहान मुलाला मिळणे ही मोठीच गोष्ट आहे.

मात्र भीमच्या ढोलकपूर या गावातली कामांची वाटणी बारकाईने पाहावी. संकट येते, भीम लाडू खातो, त्याच्या अंगात बळ येते आणि तो शत्रूला लोळवतो. लाडू टुनटुन मौसीच्या दुकानातले, ते बहुधा तिची मुलगी चुटकी आणून देते. चुटकी हुशार आणि धीट आहे, पण शेवटचा ठोसा भीमचा. भीमवर जळणाऱ्या, बढाईखोर मुलाचे नाव कालिया, आणि तो अंगाने आडवातिडवा. एका भागात हे खटकत नाही. शेकडो भाग पाहिल्यावर मात्र मुलाच्या मनात हिशोब बसतो: लढतो तो मुलगा, खाऊ पुरवते ती मुलगी, आणि जाड मुलगा म्हणजे हसण्याचा विषय. 2020 मध्ये भीमचे राजकन्या इंदुमतीशी लग्न झाल्याची अफवा उठली, तेव्हा समाजमाध्यमांवर चुटकीला न्याय मागणारी मोहीम चालली. ही पात्रे अजून लहान मुलेच आहेत, असा खुलासा कंपनीला करावा लागला. एका लहान मुलीच्या पात्राचे भाग्य नायक कोणाला वरतो यावर मोजले गेले, ते इतक्या सहजपणे.

साच्याची दुसरी बाजू म्हणजे मूल स्वतःकडे कसे पाहते. 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तोवर तिथे भरल्या अंगाचे कौतुक होते. तीनच वर्षांनी, बारीक होण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण शून्यावरून सुमारे 11 टक्क्यांवर गेल्याचे ॲन बेकर यांच्या पाहणीत आढळले.

मुलांसाठीच्या गोष्टी कोणते साचे घडवतात, या प्रश्नावर हैदराबादेतच मूलभूत काम झाले आहे. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्रकथा' मालिकेने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात शूर पुरुषाचे आणि आदर्श भारतीयाचे चित्र घडवले. हैदराबाद विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या दीपा श्रीनिवास यांनी 2010 च्या आपल्या ग्रंथात या चित्रामागे कोणता वर्ग आणि कोणते पौरुष उभे आहे, याची चिकित्सा केली. 1985 मध्ये स्थापन झालेल्या 'अन्वेषी' या हैदराबादेतल्या स्त्री-अभ्यास केंद्राने 2008 मध्ये 'डिफरंट टेल्स' हा बालपुस्तकांचा संच काढला. त्याच्या संपादिकाही दीपा श्रीनिवासच. तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आलेल्या या गोष्टींत दलित, मुस्लिम आणि कष्टकरी घरांतली मुले नायक आहेत. मुहम्मद खदीर बाबू यांच्या गोष्टीत घरात मुंडीचे कालवण शिजते आणि तो साऱ्या घराचा आनंदाचा दिवस असतो. जयश्री कळत्तिल यांच्या गोष्टीत गावाने वेडा ठरवलेल्या माणसाशी एका मुलीची मैत्री जुळते. एरवी पुस्तकातल्या 'सुसंस्कृत' घरात ज्या मुलांचे घर, जेवण आणि बोली बसत नाही, त्यांना इथे लाजण्याचे कारण उरत नाही. इतर मुलांनाही ते घर आतून पाहायला मिळते.

महाराष्ट्रात बालभारतीने 2019 मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले, पुरुष स्वयंपाक करताना आणि स्त्री डॉक्टर म्हणून दाखवली. बदल मोजक्या चित्रांचा असला, तरी ते पुस्तक लाखो मुलांच्या हाती गेले. साचा वारंवार दाखवल्याने पक्का होतो, तसाच वेगळे चित्र वारंवार दाखवल्याने तो सैलही होतो.

म्हणून टीव्ही बंद करणे हा यावरचा पुरेसा उपाय नव्हे. मुलासोबत बसून पाहावे आणि विचारावे: चुटकीने आज काय केले? कालियाला सगळे का हसले? त्याच्या जागी तू असतास तर? गावातले, झोपडपट्टीतले, वेगळ्या धर्माचे, चाकाच्या खुर्चीतले मूल ज्यात नायक आहे, अशी पुस्तके घरात आणावीत. आणि ढोलकपुरासारखी गावे उभारणाऱ्यांनी एखाद्या भागात तरी चुटकीला लाडू खाऊन लढू द्यावे, कालियाला गाव वाचवू द्यावे. ते पाहणाऱ्या मुलांमध्ये अनेक चुटक्या आणि अनेक कालिया बसलेले असतात.