गुडघा वाचवणारी पंधरा मिनिटे

पावसाळा सरता सरता शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस येतात. शाळा सुटली की वणीतल्या मैदानांवर मुलींचे संघ सरावाला उतरतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि काही शाळांत हँडबॉलही. जमीन काळी. पाऊस पडला की निसरडी, आठ दिवस उघाड मिळाली की दगडासारखी टणक. एखादी मुलगी धावत येते, उंच उडी घेते, चेंडू फेकते आणि एका पायावर खाली येते. कुणी धक्का दिलेला नसतो, कुणाचा पायही आडवा आलेला नसतो. तरी ती गुडघा धरून खाली बसते. विचारले तर सांगते, "आतून टक् असा आवाज आला."

पुढचे सगळे ठरलेले असते. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो. कुणी तेल लावून चोळून देते, कुणी हाडवैद्याकडे नेते. दवाखान्यात एक्स-रे काढला तर तो बहुधा चांगला येतो. हाड मोडलेले नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगी सरळ चालू लागते. मैदानात परतते तेव्हा मात्र वळताना गुडघा दगा देतो. एकदा, दोनदा, तीनदा. मग ती खेळ सोडते. "नशिबात नव्हते" असे म्हणून विषय संपतो.

प्रश्न नशिबाचा नसतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत जोडणारे दोन मजबूत पट्टे एकमेकांना छेद देऊन बसलेले असतात. त्यातला पुढचा पट्टा म्हणजे अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट, थोडक्यात एसीएल. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळू न देणे हे त्याचे काम. 'टक्' हा आवाज बहुतेक वेळा हा पट्टा तुटल्याचा असतो. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, हा पट्टा दिसत नाही. म्हणूनच एक्स-रे चांगला आला तरी गुडघा चांगला आहे, असे म्हणता येत नाही.

या दुखापतीचा सर्वांत चिकाटीने अभ्यास झाला तो नॉर्वेत, महिलांच्या राष्ट्रीय हँडबॉल लीगमध्ये.

हंगामभर मोजलेले गुडघे

हँडबॉल म्हणजे हाताने खेळायचा फुटबॉल, असे ढोबळपणे म्हणता येईल. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. एका बाजूला सात खेळाडू, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन तीन पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त तो धरून ठेवता येत नाही. गोलसमोर सहा मीटरच्या रेषेच्या आत गोलरक्षकाशिवाय कुणी पाय टेकवायचा नाही. म्हणून खेळाडू रेषेबाहेरून हवेत झेपावतात, चेंडू फेकतात आणि मगच जमिनीवर येतात. धावणे, गचकन थांबणे, हुलकावणी देऊन दिशा बदलणे आणि उडी मारून उतरणे, असा हा खेळ. गुडघ्याची कसोटी पाहणाऱ्या सगळ्या हालचाली त्यात आहेत.

नॉर्वेत महिलांचा हँडबॉल अतिशय लोकप्रिय आहे. डिसेंबर १९९९ मध्ये तिथल्या महिला संघाने आपल्याच देशात फ्रान्सला हरवून विश्वविजेतेपद मिळवले. याच काळात तिथल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना एक गोष्ट अस्वस्थ करत होती. सर्वोच्च पातळीवर महिला खेळाडूंमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण पुरुष खेळाडूंच्या जवळपास पाचपट आढळले होते.

ग्रेथे मिकलेबुस्त या फिजिओथेरपिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला लीगच्या वरच्या तीन श्रेणींतले संघ हाताशी घेतले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांनी काहीही बदलले नाही, फक्त मोजले. ६० संघ, ९४२ खेळाडू आणि २९ तुटलेले एसीएल. पुढच्या दोन हंगामांत संघांना साधारण पंधरा मिनिटांचा व्यायाम शिकवला. तोल सांभाळणे, वळताना आणि उडीनंतर उतरताना गुडघा नीट ठेवणे, एवढाच त्याचा गाभा. सुरुवातीचे पाच ते सात आठवडे आठवड्यातून तीनदा आणि नंतर हंगामभर आठवड्यातून एकदा. पहिल्या वर्षी ८५५ खेळाडूंमध्ये २३ दुखापती झाल्या, दुसऱ्या वर्षी ८५० खेळाडूंमध्ये १७. सर्वांत वरच्या श्रेणीत हा आकडा १३ वरून ६ आणि मग ५ वर आला.

या आकड्यांकडे सावधपणेच पाहायला हवे. एकूण घट दिलासा देणारी असली तरी ती निव्वळ योगायोग नाही, असे छातीठोकपणे सांगण्याइतकी संख्या मोठी नव्हती. शिवाय ठरवून दिलेला व्यायाम पुरेसा करणारे संघ तीनातला एकही भरले नाहीत. पण वरच्या श्रेणीत ज्यांनी तो नेमाने केला, त्यांच्यात दुखापती न करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. शंका उरली होती, ती पुढच्या अभ्यासाने बरीच दूर केली. नॉर्वेतच १५ ते १७ वयाच्या १८३७ खेळाडूंच्या १२० क्लबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाने ठरवून दिलेला वॉर्म-अप केला, दुसऱ्याने नेहमीसारखा सराव. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या गटात गुडघा आणि घोट्याच्या ८१ अचानक दुखापती झाल्या, व्यायामाच्या गटात ४८.

विचार करायला वेळच नसतो

पंधरा मिनिटांच्या व्यायामाने एवढा फरक का पडावा? सामन्यांचे चित्रीकरण थांबवून-थांबवून पाहिल्यावर त्याचे उत्तर मिळाले. एसीएल तुटते तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असतो, पाऊल जमिनीला घट्ट रोवलेले असते आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. महिला हँडबॉल आणि बास्केटबॉलमधल्या दुखापतींच्या बारकाईच्या अभ्यासात दिसले, की पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत सगळे घडून जाते. म्हणजे एका सेकंदाचा पंचविसावा भाग. पायाचा अंदाज चुकला हे मेंदूला कळून स्नायूंनी हालचाल करायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे "सांभाळून उतर" असे मैदानाबाहेरून ओरडून काही होत नाही. सांभाळून उतरण्याची सवय शरीराला आधीच लागलेली असावी लागते.

मुलींमध्ये हे प्रमाण जास्त का, यावर अजून चर्चा चालू आहे. वयात येताना मुलींची उंची आणि वजन वाढते, त्या प्रमाणात मांडीच्या मागच्या आणि कमरेच्या स्नायूंची ताकद वाढतेच असे नाही. अनेक मुली गुडघे कमी वाकवून, ताठ पायांवर उतरतात. हाडांची ठेवण, संप्रेरके यांचाही वाटा असू शकतो. पण हाडांची ठेवण बदलता येत नाही, उतरण्याची पद्धत बदलता येते. शिवाय आपल्याकडे मुलग्यांना लहानपणापासून उड्या मारायला, झाडावर चढायला मोकळीक असते. पुष्कळ मुलींना ती मैदानावर आल्यावर पहिल्यांदा मिळते.

नॉर्वेच्या गोष्टीचा उत्तरार्धही सांगायला हवा. अभ्यास संपला, फिजिओथेरपिस्ट आपापल्या कामाला गेले, व्यायाम मागे पडला आणि तुटणाऱ्या गुडघ्यांची संख्या पुन्हा वाढली. मग प्रशिक्षकांना नव्याने शिकवले गेले, माहिती सर्वांपर्यंत पोहोचवली गेली, तेव्हा ती पुन्हा उतरली. हा व्यायाम एकदा टोचून घेण्याची लस नाही. दात घासण्यासारखा तो रोज करावा लागतो.

वणीत काय पणाला लागते

भारतीय मुली या खेळात मागे नाहीत. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटी येथे भारताच्या ज्युनिअर मुलींनी आशियाई हँडबॉल विजेतेपद मिळवले. पुरुषांच्या प्रीमियर हँडबॉल लीगचा २०२३ मधला पहिला हंगाम महाराष्ट्र आयर्नमेन संघाने जिंकला. या यशामुळे खेळ वाढेल तशा मैदानावर उतरणाऱ्या मुलीही वाढतील.

वणी, मारेगाव किंवा झरी-जामणीच्या मुलीसाठी खेळ म्हणजे फक्त पदक नसते. वरच्या पातळीपर्यंत खेळले तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. खेळात पुढे गेली नाही तरी पोलीस भरतीचा रस्ता असतो आणि तिथे ८०० मीटर धावावे लागते. तुटलेल्या गुडघ्याने हे सगळेच अवघड होते. नोकरी नाही मिळाली तर शेत असते. निंदणाला दिवसभर उकिडवे बसायचे तेही त्याच गुडघ्यावर. एसीएल तुटलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना दहा-वीस वर्षांत सांध्याची झीज सुरू होते. सोळाव्या वर्षी दुखावलेल्या मुलीचा गुडघा पस्तिशीत म्हातारीसारखा दुखू लागतो, तो असा.

नॉर्वेच्या नोरा म्योर्क या खेळाडूच्या गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, तरी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. तिच्या मागे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टची फौज होती. एमआरआय, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर महिनोन्महिने व्यायामासाठी यवतमाळ-नागपूरच्या फेऱ्या हे शेतमजुराच्या घराला परवडणारे गणित नाही. म्हणून इथे दुखापत टाळणे हाच खरा उपचार.

मैदानावर काय करावे

यासाठी जिम लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. क्रीडाशिक्षकांनी सरावाच्या सुरुवातीला, मुली थकण्याआधी, पंधरा-वीस मिनिटे ठेवावीत.

आधी हलके धावणे: पुढे, मागे, बाजूला. मग एका पायावर उभे राहून जोडीदाराकडे चेंडू फेकणे आणि झेलणे. लंगडी खेळलेल्या मुलींना हे पटकन जमते. त्यानंतर अर्ध्या उठाबशा. शाळेत ही शिक्षा समजली जाते, इथे ते औषध आहे. बसताना गुडघा पायाच्या अंगठ्याकडे आत न झुकता मधल्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. मग मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी: मुलीने गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने तिचे घोटे मागून दाबून धरायचे आणि तिने पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. शेवटी उड्या. दोन्ही पायांवर उतरायचे, गुडघे वाकवून आणि आवाज न करता. मातीवर धप्प आवाज आला तर उडी पुन्हा घ्यायची. ते जमले की एका पायावर उतरणे आणि धावताना लहान-लहान पावले टाकत वळणे. समोरून पाहणाऱ्या मैत्रिणीने एकच गोष्ट तपासायची: गुडघा आत जातो का?

दुखापत झालीच, तर खेळ तिथेच थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. चोळू नये, ओढू नये, शेकू नये. आवाज येऊन काही तासांत गुडघा सुजला, तर एक्स-रे कसाही येवो, अस्थिरोगतज्ज्ञांनी हाताने गुडघा तपासायलाच हवा. गरज असेल तर ते एमआरआय सांगतात. प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही, पण स्नायू बळकट करणारे व्यायाम प्रत्येकीला लागतात. शस्त्रक्रिया झाली तर निदान नऊ महिने स्पर्धेत उतरू नये. घाईने परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. जिल्हा स्पर्धा जवळ आली म्हणून गोळी देऊन खेळवणे, हे तिच्या पुढच्या तीस वर्षांचे नुकसान आहे.

शाळेच्या वेळापत्रकात सरावाला तासभर मिळतो. त्यातली पहिली पंधरा मिनिटे या व्यायामाला द्यायची की नाही, एवढाच निर्णय क्रीडाशिक्षकांना घ्यायचा आहे. पालकांनीही मुलीला पदकाबद्दल विचारण्याआधी एकदा विचारावे, "आज उड्यांचा व्यायाम झाला का?"