केंदळचे जर्मन फादर

बसवनगुडीतल्या आमच्या घरापासून लालबागचं पश्चिमेकडचं फाटक चालत दहा मिनिटांवर. मागच्या भागात मी लालबाग घडवणाऱ्या क्रुम्बिगेल यांच्याबद्दल बोललो होतो. हा जर्मन माणूस आधी बडोद्याला सयाजीरावांच्या बागा सांभाळत होता, मग १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आला आणि १९५६ मध्ये याच बंगळुरूत वारला. त्यावर सोलापूरच्या एका ताईंनी विचारलं, "कर्नल, आपल्या मराठी मुलखात असे कोणी जर्मन नव्हते का?"

होते. आणि त्यांच्यातल्या एकाच्या गावी मी गेलोही होतो, पण तेव्हा मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

१९८० च्या दशकात मी कॅप्टन असताना कोर्ससाठी नगरला होतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जुन्या फौजी माणसाच्या तोंडी नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या. माझ्या गाडीचा ड्रायव्हर राहुरी तालुक्यातला. नाताळला म्हणाला, "साहेब, आमच्या गावी चला." गाव केंदळ. मला वाटलं, देवळात न्यायचा असेल. नेलं चर्चमध्ये. आत लोक चपला काढून जमिनीवर बसलेले, पेटी आणि टाळ चालू, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या. डोळे मिटून ऐकलं असतं तर भजनाला बसलोय असंच वाटलं असतं. मी ड्रायव्हरला विचारलं, हे चर्च इंग्रजांनी उभारलं का? तो म्हणाला, "नाही साहेब, जर्मन फादर होते आमच्याकडे. आजोबा सांगायचे."

नगर जिल्ह्यातल्या खेड्यात जर्मन कसे, हा प्रश्न डोक्यात राहिला. उत्तर निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा सापडलं.

१८५० च्या दशकात मुंबई-पुणे भागातलं कॅथलिक मिशन जर्मन जेसुइटांकडे आलं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये सुरू झालं, ते यांनीच केलं. पुढे १८७२ मध्ये बिस्मार्कने जर्मनीत जेसुइटांवर बंदी घालणारा कायदा केला. कारण काय? हे लोक रोमच्या पोपचं ऐकतात, यांची निष्ठा जर्मनीशी नाही. त्यांची घरं बंद झाली. कोणी हॉलंडला गेले, कोणी इंग्लंडला, कोणी थेट मिशनमध्ये. म्हणजे आपल्याकडे आलेले यांतले बरेच जण स्वतःच्या देशाने नाकारलेले होते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासूनच होतं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचं नगर ते हेच. पण ते प्रॉटेस्टंट. जर्मन कॅथलिक फादर खेड्यांत पसरले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात, म्हणजे १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर ही त्यांची ठाणी. आलेली माणसं मुख्यतः महार समाजातली. ती भाकरीसाठी गेली की शाळेसाठी, की गावाने पाणवठ्यावरून हाकललं म्हणून, यावर आजही भांडणं होतात. मला वाटतं, तिन्ही कारणं होती, आणि ज्याला विहिरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं त्याला हेतू विचारण्याचा हक्क आपल्याला फारसा उरत नाही.

केंदळला जे फादर आले त्यांचं नाव हेन्री डोरिंग. जर्मन उच्चार हाइनरिश. जन्म १८५९, गाव बोखोल्ट, हॉलंडच्या सरहद्दीला लागून. बिस्मार्कचा कायदा झाला तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा. म्हणजे तो जेसुइट झाला तोच मुळी बंदीच्या काळात.

या माणसाने १९०३ मध्ये केंदळहून एक मराठी मासिक काढलं. नाव 'निरोप्या'. आम्हा फौजी लोकांना हा शब्द लगेच पटतो. फोन-वायरलेस नव्हते तेव्हा निरोप्या पोहोचला नाही तर पलटण आंधळी. पण विचार करा, १९०३ साल, राहुरी तालुक्यातलं खेडं, आणि ज्यांच्या आधीच्या पिढीला अक्षर शिवू दिलं नव्हतं त्यांच्यासाठी मासिक. वाचता येणारा एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. चर्चची इमारत कोणीही बांधतो हो, पैसा आला की भिंत उभी राहते. हे जास्त अवघड काम.

१९०७ मध्ये डोरिंग पुण्याचे बिशप झाले. आणि १९१४ मध्ये महायुद्ध आलं.

रातोरात जर्मन म्हणजे शत्रू. नगर हे इंग्रजांचं आवडतं कैदखाना-शहर. बोअर युद्धातले कैदी तिथे ठेवले होते, पुढे १९४२ मध्ये नेहरू आणि काँग्रेसचे बाकीचे नेते किल्ल्यात होते, हे सगळ्यांना माहीत. मधल्या जर्मनांची आठवण फारशी कोणी काढत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानभरचे जर्मन तिथल्या छावणीत आणून ठेवले. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते, पाद्री होते, आणि याच मिशनमधले फादरही होते. राहुरीपासून नगर पस्तीस-चाळीस किलोमीटर. ज्या जिल्ह्यात शाळा काढल्या त्याच जिल्ह्यात काटेरी तारेआड. १९१५ आणि १९१६ मध्ये 'गोलकोंडा' नावाच्या जहाजातून मिशनऱ्यांसकट अनेक जर्मनांना मायदेशी धाडलं. कोणत्या मायदेशी? जिथे जेसुइटांवरचा तो कायदा अजून लागू होता. तो पूर्ण रद्द झाला १९१७ मध्ये.

जर्मनीने 'तुम्ही पुरते जर्मन नाही' म्हणून काढलं, इंग्रजांनी 'तुम्ही जर्मन आहात' म्हणून.

इथे मी इंग्रजांना शिव्या घालणार नाही. ती खुर्ची मला ठाऊक आहे. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी आम्ही सरहद्दीवरच्या शेतांत सुरुंग पेरले. शेतं आपल्याच लोकांची होती. एक सरदारजी रोज येऊन विचारायचे, "साहेब, गहू कधी काढू?" मी रोज तेच उत्तर द्यायचो, कारण दुसरं नव्हतंच. लढाईत यादी करणारा माणूस माणूस बघत नाही, पासपोर्ट बघतो, नकाशा बघतो. पण केंदळच्या बाईला हे कोण समजावणार? तिच्या पोराचा मास्तर गेला आणि मयताला प्रार्थना म्हणणारा गेला, एवढंच तिला कळत होतं.

युद्ध संपल्यावरही जर्मनांना परत येऊ देईनात. मग मुंबईचं काम स्पॅनिश जेसुइटांकडे गेलं (इतिहासकार फादर हेरास त्यातलेच, १९२२ मध्ये आले) आणि पुण्याकडचं हळूहळू स्विस जेसुइटांकडे. स्विस का? देश तटस्थ, भाषा जर्मन! इंग्रजांचा कागदही राहिला आणि मिशनची घडीही फार मोडली नाही.

डोरिंग मात्र पुण्यापासून तुटलेच. १९२१ मध्ये पोपने त्यांना जपानला पाठवलं, हिरोशिमाला. ते काम तेव्हा जर्मन जेसुइटांकडे दिलं होतं. वय बासष्ट, नवीन देश, नवीन भाषा. आणि १९२७ मध्ये हा माणूस परत पुण्याला बिशप म्हणून आला. सहा वर्षांनी, अडुसष्टाव्या वर्षी. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा पुन्हा ब्रिटिश राज्यातला जर्मन, ऐंशीचा. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तिथे जर्मन जेसुइट होते, ते वाचले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. त्यांच्या आधीचा त्यांचा बिशप त्या दिवशी पुण्याच्या गादीवर होता, हे कोणी सांगत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस, नव्वदीला टेकल्यावर ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले आंद्रू डिसोझा, पुण्याचे पहिले भारतीय बिशप. डोरिंग १९५१ मध्ये वारले.

'निरोप्या' अजून निघतो, पुण्याहून. शंभरी कधीच ओलांडली त्याने.

माझा तो ड्रायव्हर आता कुठे असतो ते ठाऊक नाही. नगर, राहुरी, श्रीरामपूर भागातलं कोणी ऐकत असेल आणि घरात जुने 'निरोप्या'चे अंक किंवा आजोबांच्या आठवणी असतील, तर मला जरूर कळवा. युद्धाच्या त्या चार वर्षांत केंदळला रविवारची प्रार्थना कोण चालवत होतं, हे मला एखाद्या घरातल्या माणसाकडून ऐकायचं आहे.