कढई स्वस्त, तेल महाग

दिवाळीच्या आधी तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "तळणीला लोखंडी घेऊ की हिंडालियमची?" जुना दुकानदार उत्तर द्यायच्या आधी उलट विचारतो, "घरात माणसं किती, ताई?" गिऱ्हाइकाला वाटतं, हा आता मोठी कढई गळ्यात मारणार. पण प्रश्न त्याचाच बरोबर असतो. धातूचा विचार नंतर करायचा, आधी आकार ठरवायचा. कढई एकदाच घ्यायची असते, तेल मात्र दर वेळी ओतावं लागतं.

खात्री करायला घरच्या भांड्यांत पाणी मापून ओतून पाहिलं. तोंडाशी २४ सेंटिमीटर रुंद आणि मधोमध ८ सेंटिमीटर खोल अशा गोल बुडाच्या कढईत ५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी चढायला सुमारे ९०० मिलिलिटर लागतं. तेवढ्याच तोंडाचं, सपाट बुडाचं, उभ्या काठाचं पातेलं घेतलं तर तीच उंची गाठायला सव्वादोन लिटर! शिवाय गोल कढईत वर ३ सेंटिमीटर काठ कोरडा राहतो, फेस चढला तरी तेल उतू जात नाही. चार चकल्या तरंगायला आणि उलटायला हवी तेवढी जागा मिळते. चार माणसांच्या घराला याहून मोठी कढई लागत नाही. फराळाच्या दिवशी दोन घाणे जास्त काढावे लागतील, तर काढावेत. एरवी वर्षभर चार भज्यांसाठी लिटर-दीड लिटर तेल तापवायचं आणि मग त्या उरलेल्या तेलाचं काय करायचं म्हणून डोकं धरायचं, त्यापेक्षा ते परवडतं.

आता धातू. लोखंडी कढई किलोवर मिळते आणि सगळ्यांत स्वस्त पडते. तिच्यात दोन जाती. एक पत्रा ठोकून केलेली, दुसरी बिडाची, म्हणजे ओतीव. बिडाची जड असते, सावकाश तापते आणि तापली की तशीच राहते. फक्त हातातून फरशीवर पडली तर तडकते. ठोकीव कढईला ती भीती नाही. दोन्हींना नवेपणी घासून, वाळवून, तेलाचा पातळ हात फिरवून तापवावं लागतं. दोन-चार तळणं झाली की आतली बाजू काळीभोर, गुळगुळीत होते. ही काळी झिलई साबण-काथ्याने खरवडून 'स्वच्छ' करणाऱ्या मदतनीस ताईंना कितीही सांगितलं तरी पटत नाही, हा भाग वेगळा. एक पथ्य मात्र पाळायचं : तळण झाल्यावर तेल कढईत मुक्कामाला ठेवायचं नाही. लोखंडाच्या संगतीत तेल लवकर खवट होतं. कोमट झालं की गाळून स्टीलच्या डब्यात.

हिंडालियमला लोक उगाच नाकं मुरडतात. अॅल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम, मँगनीज वगैरे मिसळून केलेला हा कडक मिश्रधातू. अॅल्युमिनियमच्या भांड्यात आमसुलाचं सार किंवा चिंचेची आमटी करू नये हे खरं, कारण आंबट पदार्थ धातूला खातो; तळणीच्या तेलात तो प्रश्न येत नाही. उष्णता पसरवण्यात अॅल्युमिनियम बिडाच्या कितीतरी पुढे, त्यामुळे ज्योतीच्या बरोबर वरची चकली करपली आणि काठाची पांढरी राहिली असं होत नाही. किलोला किलो तोललं तर लोखंडाच्या जवळपास दुप्पट उष्णता ते धरून ठेवतं. अडचण एवढीच, की ते हलकं असल्याने दुकानात पातळ पत्र्याच्या कढयांचीच रास असते. काठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबावा. लवला तर कढई परत ठेवावी. जाड बुडाची मिळाली तर बिनधास्त घ्यावी. लोखंडापेक्षा थोडे पैसे जास्त जातील, पण मनगट वाचेल.

जाडीचं एवढं काय, हे चकलीच्या पहिल्या घाण्याला कळतं. तेल तापलं का ते बघायला पिठाचा कण सोडला, तो बुडाशी जाऊन लगेच वर आला. चार चकल्या सोडल्या की कढई गडगडते, मोठे बुडबुडे उठतात. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्या वाफेपायी तेलाची उष्णता भराभर खर्च होते. जाड कढई आपल्या अंगातली उष्णता देऊन तेलाला सावरते. पातळ कढईत तेल एकदम निवतं, चकली तेल पिते, मऊ पडते. मग आपण घाबरून गॅस मोठा करतो आणि पुढचा घाणा बाहेरून लाल, आतून कच्चा निघतो. दोष भाजणीला दिला जातो. नीट चाललेल्या घाण्यात बुडबुडे हळूहळू बारीक होतात, आवाज उतरत जातो, चकली वर येऊन संथ तरंगते. बुडबुडे जवळजवळ थांबले की झाऱ्याने काढायची. अनारशाचं गणित वेगळं : तो एकेक करून तुपात सोडायचा, खसखशीची बाजू वर ठेवायची आणि झाऱ्याने कडेचं तूप वर उडवायचं. त्याला वीतभर तोंडाची छोटी कढई पुरते आणि हसायचा असेल तर तो कुठल्याही कढईत हसतो.

स्टीलच्या साध्या कढईबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्टील उष्णता नीट पसरवत नाही आणि काठावर बसलेला तेलाचा पिवळा चिकट थर निघता निघत नाही. मधे अॅल्युमिनियम असलेली तीन थरांची चांगली, पण ती स्वस्त या सदरात बसत नाही. नॉन-स्टिक तळणीला नकोच. झाऱ्याने ओरखडे पडतात आणि २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब होऊ लागतो. रिकामी कढई गॅसवर विसरली तर तिथवर जायला वेळ लागत नाही. आजीची पितळी कढई काढायचा मोह होतो, तिला कल्हई असेल तर तेही सांभाळून. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. तळण १८०च्या आसपास चालतं म्हणून तेल असेपर्यंत निभावतं, कोरडी तापली की कल्हई ओघळते.

लहान कढईचा आणखी एक फायदा उरलेल्या तेलात दिसतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं. दाट झालेलं, गडद, तापताच फेसाळणारं तेल टाकून द्यावं, हीच घरगुती खूण. थोडंच तेल उरलं तर ते दोन दिवसांत भाजी-फोडणीत संपतं आणि ही वेळ येत नाही.

पैसे देण्याआधी दोन्ही कान पकडून कढई हलवून पाहावी. रिव्हेट खुळखुळत असेल तर दुसरी मागावी. गोल बूड गॅसच्या जाळीवर डुगडुगतं का, हेही दुकानातल्या शेगडीवर ठेवून बघता येतं. इंडक्शन असणाऱ्यांना गोल बुडाचा उपयोग नाही, त्यांनी सपाट बुडाची जाड लोखंडी घ्यावी आणि तोंड आणखी लहान ठेवावं. आणि कढईवर पुरतं बसेल असं झाकण त्याच वेळी घ्यावं. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं असतं, पाणी मारायचं नसतं. दुकानदार झाकणाचे वेगळे पैसे लावतो. तेवढ्यासाठी घासाघीस करू नये.