गवा रंगवला म्हणजे मानचिन्ह नव्हे

राधानगरी म्हटले की दाजीपूरचा गवा आणि शाहू महाराजांचे धरण आठवते. त्यामुळे कमानीवर गवा रंगवला की गावाचे मानचिन्ह झाले, असे वाटणे साहजिक आहे.

मानचिन्ह (घराण्याची किंवा स्थळाची, बहुधा ढालीवर रचलेली अधिकृत खूण) म्हणजे एकच ठरलेले चित्र नव्हे. युरोपीय परंपरेत ठरते ते शब्दांतले वर्णन: कोणता प्राणी, कोणता रंग, कुठे. गणपतीचेच पाहा, मूर्तिकार बदलला तरी सोंड, मोदक, उंदीर पाहून ओळख पटते.

नेदरलँड्समध्ये नगरपालिकेला मानचिन्ह राजाज्ञेने मिळते. १८१४ साली स्थापन झालेली परिषद त्याआधी सल्ला देते. आपल्या ग्रामपंचायतींसाठी अशी व्यवस्था नाही. तहसीलदारांच्या कागदावरचे चिन्हही शासनाचे, राधानगरीचे नव्हे.