सास्तूरची भिंत आणि रुरकीची वाघीण

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूची जमीन हादरली. भूकंप ६.२ क्षमतेचा. धाराशिव-लातूरमध्ये मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच भिंती-माळवदाखाली.

या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड होत्या. मग त्या पडल्या कशा?

भिंत हा एकसंध ठोकळा आहे असं धरून गणित मांडा. जाडी दुप्पट केली की वाकून मोडण्याला होणारा विरोध चौपट होतो. म्हणजे जाड भिंत भक्कम! संगणकातलं मॉडेलही हेच सांगेल, कारण ठोकळा एकसंध आहे हे आपणच त्याला सांगितलेलं असतं. ढिगाऱ्यात मात्र वेगळंच दिसलं. आत आणि बाहेर दगडांचे दोन सुटे पडदे, मध्ये कपच्या आणि मातीची भरती, आरपार जाणारा दगड क्वचितच. हादऱ्याने भिंतीला पोट येतं, पडदे विलग होतात. निम्म्या जाडीच्या प्रत्येक पडद्याची ताकद पाव. दोन्ही मिळून निम्मीच. वर माळवदातल्या पांढऱ्या मातीचं टनावारी ओझं.

दगडी घरं हादऱ्यात कशी टिकतील हे तपासायला रुरकीच्या भूकंप अभियंत्यांनी काय केलं पाहा. रुळांवर रेल्वेची वाघीण, तिच्यावर दगडी खोली बांधलेली, आणि दुसऱ्या वाघिणीची जोरदार धडक! काँक्रीटचे पट्टे घालून बांधून घेतलेल्या खोल्या साध्या खोल्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकल्या. आपण जे गृहीतच धरलं नव्हतं तेही चाचणीत समोर येतं, म्हणून मला ती मोलाची वाटते.

पण चाचणीलाही चकवा आहे. खोली दहापट लहान केली तर वजन हजारपट घटतं, पायाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. मातीची ताकद तीच राहते, तिच्यावरचा ताण दहावा हिस्सा होतो. खेळण्याएवढं घर उगाचच शूर ठरतं! म्हणून नमुना शक्य तितका खऱ्या मापाचा हवा. संगणकातल्या मॉडेलचं बळ दुसरीकडे: एकदा चाचणीशी जुळलं की न बांधलेली शेकडो घरं ते हलवून दाखवतं.

भारतीय मानक १३८२८ सांगतं: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड हवा. तुमच्या जुन्या वाड्यात तो नसेल, तर जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरून घ्या.