चाबूक, आगगाडी आणि गप्प चेहरा

ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) नीता सनतच्या खोलीवर जाते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून कलकत्त्याच्या कडेला येऊन पडलेलं तिचं कुटुंब तिच्याच कमाईवर जगतंय, आणि सनतशी लग्न एवढीच तिची स्वतःची अशी आस आहे. खोलीत दुसरी बाई आहे, आणि ती तिची सख्खी बहीण आहे. नीता भांडत नाही, रडत नाही. जिना उतरू लागते, आणि उतरताना हवा चिरत चाबूक ओढल्याचा आवाज येतो.

त्या घरात, त्या जिन्यावर, त्या सबंध कथेत चाबूक कुठेच नाही. तरीही तो कुठून आला असं पाहणारा विचारत नाही, कारण नीता झालेल्या सुप्रिया चौधरींच्या चेहऱ्याने जे आत कोंडून ठेवलंय ते त्या आवाजातून बाहेर पडलेलं असतं. पुढे एका रात्री नीता थोरल्या भावाकडून, शंकरकडून, रवींद्रनाथांचं गाणं शिकते. दोघं गात असतात आणि त्या सुरांवर पुन्हा तेच फटके पडू लागतात. खाली गाणं, वर चाबूक. गाणं थांबत नाही, चाबूकही थांबत नाही आणि शेवटी नीता कोसळते. आईच्या बाबतीत घटकांनी वेगळा आवाज निवडला आहे. मुलगी लग्न करून गेली तर घर कसं चालायचं, ही भीती त्या माउलीला ग्रासते तेव्हा चुलीवरच्या शिजण्याचा, चरचरण्याचा आवाज नको तितका मोठा होतो. तिच्या मनातला स्वार्थ आणि अगतिकता आपल्याला ऐकू येते. त्यासाठी तिला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आवाजांचे थर रचण्याची कला सर्वांत खोल जाते ती अशा जागी, जिथे माणूस गप्प आहे. पात्र धाय मोकलून रडत असेल तर आवाजाला फारसं काम उरत नाही.

दुसरं उदाहरण ‘द गॉडफादर’चं (१९७२). ब्राँक्समधल्या एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये मायकेल दोन माणसांना मारायला आला आहे. संडासात दडवलेलं पिस्तूल घेऊन तो टेबलाशी परत येऊन बसतो. समोर त्या दोघांपैकी एक, सोलोझो, इटालियनमध्ये बोलत राहतो आणि दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी त्या बोलण्याला सबटायटल्स दिलेली नाहीत. शब्द कळत नाहीत म्हणून कान मोकळा राहतो. पार्श्वसंगीतही नाही. त्या मोकळ्या जागेत ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी आगगाडी आणली: वरच्या रुळांवर चाकं घासल्याचा कर्कश चीत्कार, आधी लांबून, मग जवळ, मग थेट कवटीत. मायकेल झालेला अल पचिनो फक्त डोळे हलवतो. मग गोळ्या सुटतात. नीनो रोटांचं संगीत येतं ते त्याच्या हातून पिस्तूल खाली पडल्यानंतर. ही आगगाडी चित्रात एकदाही दिसत नाही.

मला घटकांची उडी मर्च यांच्यापेक्षा मोठी वाटते. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यांच्या डोक्यावरून रेल्वे धावते. पडद्याबाहेर ती असू शकते, असा आधार मर्च यांना होता. चाबकाला तसला कुठलाच आधार नाही. तो केवळ दुःखाच्या जोरावर खरा होतो.

पण थरांच्या कारागिरीमागचे नियम शोधून ते मांडण्याचं काम मर्च यांनी केलं, आणि त्यासाठी या क्षेत्राने त्यांचं ऋण मानायला हवं. ‘टीएचएक्स ११३८’च्या (१९७१) यंत्रमानवांची पावलं बसवताना त्यांच्या लक्षात आलं की एकटा चालत असेल तर प्रत्येक पाऊल चित्रातल्या पायाशी जुळावं लागतं, दोघं असले तरी जुळावं लागतं, तिघं झाले की कान मोजणं सोडून देतो आणि त्याला नुसता घोळका ऐकू येतो. याच दिशेने जात त्यांनी थरांची मर्यादाही बांधली: कानाला एका वेळी साधारण पाच थर झेपतात, त्यापुढे गोंगाट सुरू होतो. शिवाय थर एकाच जातीचे नसावेत. बोलणं एका टोकाला, संगीत दुसऱ्या टोकाला आणि पावलं, दारं, यंत्रं मध्ये कुठेतरी, अशी वाटणी असली की जास्त गोष्टी एकत्र असूनही वेगवेगळ्या ऐकू येतात.

‘अपोकॅलिप्स नाऊ’मधल्या (१९७९) हेलिकॉप्टर-हल्ल्यात दीडशेहून अधिक ट्रॅक होते. ते संवाद, हेलिकॉप्टर, वॅग्नरचं संगीत, बंदुका, स्फोट, पावलं अशा गटांत बांधले गेले. सगळे एकदम सोडले तर काहीच उरत नाही. म्हणून बुटांचा आवाज हवा तिथे दुसरं काहीतरी, प्रसंगी संगीतसुद्धा, बाजूला ठेवायचं. पाहणाऱ्याला मात्र सगळं चालूच आहे असं वाटत राहतं. याच चित्रपटाच्या सुरुवातीला सायगावच्या हॉटेलात पडलेल्या कॅप्टन विलर्डच्या डोक्यात सिंथेसायझरवर बनवलेलं भुताटकी हेलिकॉप्टर फिरतं आणि छताच्या पंख्यात मिसळून जातं. युद्ध त्याच्या अंगातून गेलेलं नाही, हे तिथेच कळतं.

साधा ठोसासुद्धा असाच रचतात. वर कातडीवरचा तडाखा, मध्ये मांसाचा धप्प, तळाला छातीत जाणवणारा खर्ज. तिन्ही वेगवेगळ्या पट्टीत असले तरच एक ठोसा होतो. एकाच पट्टीत आले तर एकमेकांना गिळतात. ‘रेजिंग बुल’साठी (१९८०) फ्रँक वॉर्नर यांनी फळं फोडल्याचे आणि जनावरांचे आवाज ठोशांत मिसळले होते, असं सांगतात. बॉक्सिंगच्या रिंगणात जनावर ओळखू येत नाही, अंगावर काटा मात्र येतो.

या परंपरेचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो. प्रभातच्या ‘कुंकू’त (१९३७) शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताचा आधार सोडून घरातल्या-दारातल्या आवाजांवर भिस्त ठेवली. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा आणि त्या घरातलं भिंतीवरचं जुनं घड्याळ, यांच्या जोडीने जे साधलं ते व्हायोलिनांच्या ताफ्याने साधलं नसतं. बोलपट मराठीत येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती! प्रभातच्याच आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि साठच्या दशकाच्या मध्यात तिथे शिकवायला आले ते ऋत्विक घटक. मणी कौल, कुमार शहानी त्यांचे विद्यार्थी. ‘स्लमडॉग मिलिअनेअर’साठी ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी याच संस्थेत ध्वनी शिकले.

आणि ‘सैराट’ (२०१६). अजय-अतुल यांच्या वाद्यवृंदाने थिएटर दणाणून टाकल्यानंतर, शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. लहान मूल रडतंय, ऐकू येत नाही. आधीचे थर इतके दाट होते म्हणूनच ते काढून घेणं इतकं जिव्हारी लागतं. नि:शब्द चित्रपटाचा शेवट असा केला असता तर तो कुणाला जाणवलाही नसता.

आपल्याकडे अडतं ते वेळेपाशी. मिक्सिंग हा निर्मितीचा शेवटचा टप्पा, त्यामुळे आधी वाया गेलेले सगळे दिवस त्याच्यातूनच कापले जातात. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, आणि मग सगळ्यात सोपा उपाय होतो: दुःखाच्या प्रसंगावर सारंगी किंवा बासरी पसरायची आणि आवाज वाढवायचा. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या मिक्सिंगला कित्येक महिने दिले गेले होते. तेवढा पैसा मराठी निर्मात्याकडे नसेल, हे मान्य. पण सोलोझोच्या बोलण्याला सबटायटल्स न देण्यासाठी पैसा लागला नव्हता. रेस्टॉरंटमध्ये संगीत न ठेवण्यासाठीही लागला नव्हता. दिग्दर्शकाने ती जागा आवाजासाठी रिकामी ठेवली, म्हणून मर्च यांना तिथे आगगाडी आणता आली.