ताबा आणि ताबू

आपल्याकडे फराळाचे डबे भरले जातात, साधारण त्याच दिवसांत पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकेत ऑलिव्हची काढणी सुरू होते. पहिला पाऊस पडून झाडांवरची उन्हाळ्याची धूळ धुऊन निघाली, की घरची लहानमोठी सगळी माणसं डोंगरउतारावर जातात. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, शिडी लावायची, वरच्या फांद्या लहानशा फणीने विंचरायच्या आणि टपटपलेली फळं पाल्यातून निवडून पोत्यांत भरायची. मग घाण्यावर नंबर लावायचा. कोकणातल्या आंब्यासारखंच हे झाडही एक वर्ष भरभरून देतं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतं.

पण कित्येक गावांत काढणीचा दिवस पाऊस ठरवत नाही आणि फळही ठरवत नाही. झाडं इस्रायली वसाहतीच्या लगत किंवा इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीपलीकडे असली, तर लष्कराशी ‘तन्सीक’, म्हणजे समन्वय, झाल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. गेट ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उघडतं. घरातल्या सगळ्यांना परवाना मिळेलच असं नाही. पणजोबांनी लावलेल्या झाडाशी जायला विशीतल्या सैनिकाने कागद तपासून मान हलवावी लागते.

सातबारा, वहिवाट, बांधाची भांडणं यांत हयात घालवलेल्या मराठी माणसाला या प्रश्नाच्या मुळाशी असलेलं कायद्याचं तत्त्व समजावून सांगायला फार वेळ लागू नये. ताबा म्हणजे मालकी नव्हे, एवढंच ते तत्त्व आहे. युद्धात एखादा प्रदेश हाती आला म्हणून तो आपला होत नाही. १९०७ च्या हेग नियमावलीचं ५५ वं कलम सांगतं, की व्यापलेल्या प्रदेशातल्या सरकारी इमारती, जंगलं, शेतजमिनी यांचा ताबा घेणारा हा फक्त कारभारी असतो. त्याने भोगवटा करावा, पण मूळ चीज शाबूत ठेवावी. ४३ वं कलम म्हणतं, अगदीच अशक्य नसेल तर तिथले चालू कायदे बदलू नयेत. आणि १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ४९ वं कलम ताबा घेणाऱ्याला आपले नागरिक तिथे नेऊन वसवायला मनाई करतं. हिटलरच्या राजवटीने जिंकलेल्या मुलखात जे केलं, ते ताजं असताना लिहिलेलं हे कलम आहे.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, गोलान टेकड्या आणि सिनाई इस्रायलच्या हाती आले. गंमत म्हणजे, वेस्ट बँकेच्या लष्करी कमांडरने सुरुवातीला काढलेल्या तिसऱ्या जाहीरनाम्यात स्पष्ट नोंद होती, की लष्करी न्यायालयांनी जिनिव्हा कराराचं पालन करावं आणि विसंगती आली तर करार वरचढ ठरेल. ऑक्टोबरमध्ये ते कलम गुपचूप गाळलं गेलं. मधल्या सप्टेंबरात इस्रायली परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सरकारला गोपनीय टिपण दिलं होतं: व्यापलेल्या प्रदेशात नागरी वसाहती करणं हा जिनिव्हा कराराचा भंग ठरेल. मेरॉन हे पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळातून वाचलेले ज्यू. त्याच महिन्यात क्फार एत्झिऑनची वसाहत उभी राहिली. म्हणजे ‘आम्हाला कायदा ठाऊक नव्हता’ ही सबब वेस्ट बँकेतल्या पहिल्या वसाहतीपासूनच उपलब्ध नाही.

सुरुवातीची वर्षं जमीन ‘लष्करी गरजेसाठी’ म्हणून घेतली जाई. ही वाट एका निकालाने अडली, आणि तो निकाल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. जून १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या रुजैब गावची सुमारे ७०० दुनम जमीन लष्कराने घेतली. (एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले जवळपास दहा गुंठे.) दोनच दिवसांत हेलिकॉप्टर आणि अवजड यंत्रं घेऊन वसाहतवाले टेकडीवर पोचले. नाव ठेवलं एलोन मोरेह. शेतकरी थेट इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. लष्करप्रमुख म्हणाले, सुरक्षेसाठी ही वसाहत हवी. माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव्ह यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, की अजिबात नको. आणि खुद्द वसाहतवाल्यांनी न्यायालयाला सांगितलं, की आम्ही सुरक्षेसाठी आलेलोच नाही, ही भूमी देवाने आम्हाला दिली म्हणून आलो आहोत. सरकारचा बचाव सरकारच्याच लाडक्यांनी मोडीत काढला. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यायालयाने ताबा-आदेश रद्द केला आणि ३० दिवसांत जमीन मोकळी करायला सांगितलं.

शेतकरी जिंकले. त्यांच्या जमिनी नाब्लुसच्या भूमी-नोंदवहीत नावानिशी होत्या, हे त्यांचं बळ. या नोंदणीला तिथे ‘ताबू’ म्हणतात. शब्द तुर्की ‘तापू’वरून आलेला. आपल्या ‘ताबा’शी त्याचं नातं नाही, अर्थ तर उलटाच: ताबू म्हणजे मालकीचा पुरावा.

सरकारने मग दुसरा रस्ता शोधला, आणि तो तुर्कांच्याच दप्तरात सापडला. १८५८ च्या ऑटोमन भूमी कायद्यानुसार बरीचशी शेतजमीन ‘मिरी’ वर्गात मोडे: अंतिम हक्क राज्याचा, कसणाऱ्याला वहिवाटीचा. तीन वर्षं पडीक राहिली तर हक्क जाई. सुलतानाला सारा हवा होता, म्हणून जमीन पिकती राहावी यासाठीची ही तरतूद. तिचा उपयोग आता खडकाळ उतारांना ‘सरकारी जमीन’ ठरवण्यासाठी झाला. सरकारी वकील कार्यालयातल्या प्लिया अल्बेक हेलिकॉप्टरमधून डोंगर पाहून, नकाशे चाळून अशी जमीन हेरत. १९६७ च्या आधी, जॉर्डनच्या ताब्यात असताना, वेस्ट बँकेच्या साधारण एक तृतीयांश भागाचीच नोंदणी पुरी झाली होती, आणि १९६८ मध्ये लष्करी आदेशाने ते काम थांबवलं गेलं होतं. पुरावा तयार होऊ द्यायचा नाही आणि मग पुरावा मागायचा, हा डाव कुठल्याही तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्याला ओळखता येईल.

इस्रायलचाही युक्तिवाद आहे. जॉर्डनचा वेस्ट बँकेवरचा हक्क जगाने कधी मानलाच नव्हता, तेव्हा हा प्रदेश कुणाकडून ‘व्यापला’ म्हणायचा? तो व्याप्त नव्हे, वादग्रस्त आहे, असं ते म्हणतात. मुद्दा चतुर आहे, पण टिकत नाही. जिनिव्हा करार माणसांच्या संरक्षणासाठी आहे, आधीच्या राजाच्या सातबाऱ्यासाठी नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी भिंतीविषयी सल्लागार मत देताना हा दावा फेटाळला.

तोच कायदा दुसऱ्या बाजूलाही लागतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास आणि इतर सशस्त्र गटांनी इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. ओलीस धरण्याला चौथ्या जिनिव्हा करारात कुठलीही पळवाट नाही. तशीच सामूहिक शिक्षेलाही नाही, आणि इस्रायलने गाझातल्या लाखो माणसांचं पाणी, अन्न, वीज तोडणं त्यात बसतं.

१९ जुलै २०२४ रोजी हेगच्या त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेलं मत २००४ च्या पुढे गेलं. ताब्यातलं वागणंच नव्हे, व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातलं इस्रायलचं राहणंच बेकायदा आहे, ते शक्य तितक्या लवकर संपवावं, असं ११ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. वसाहती रिकाम्या कराव्यात, नुकसानभरपाई द्यावी, आणि इतर देशांनी ही स्थिती कायदेशीर मानू नये, असंही मत दिलं. बहुमतात न्या. दलवीर भंडारी होते, मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश. दोन महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, या मताच्या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, इस्रायलला १२ महिन्यांची मुदत देणारा. १२४ देश बाजूने, १४ विरोधात, ४३ तटस्थ. भारत तटस्थांत होता. १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत देणारा आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांपैकी असलेला हाच भारत. तटस्थ राहण्याला मुत्सद्देगिरी म्हणता येईल, पण ज्या देशाने परक्याच्या ताब्यात इतकी वर्षं काढली, त्याला ती शोभत नाही असं माझं मत आहे.

सल्लागार मत बंधनकारक नसतं आणि आमसभेकडे फौज नाही. वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम मिळून आज सात लाखांच्या आसपास इस्रायली वसाहतवाले राहतात. ठरावाची मुदत सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. एलोन मोरेहची वसाहत १९८० च्या सुरुवातीला रुजैबच्या टेकडीवरून उठली, नाब्लुसच्याच ईशान्येला दुसऱ्या डोंगरावर गेली, आणि अजून तिथे आहे.